हात कामावर, मन गेटाबाहेर



चेन्नईहून बोलतोय. मागे पंख्याची घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या. इथे डिसेंबरातही पंखा बंद करता येत नाही.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. मध्यंतरी पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. तो आयटीत आहे, वय तिशीचं. जेवताना म्हणाला, "मामा, आर्मीत सगळे ओरडतात असं तुम्हीच सांगता. तरी जवान तुमच्या मागे गोळीबारात जातात. आमचा मॅनेजर ओरडला की आम्ही त्याच रात्री नवीन नोकरी शोधायला बसतो. असं का?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. शिस्त, देशप्रेम, परंपरा. त्याने मान डोलावली आणि भात वाढून घेतला. त्याचं समाधान झालेलं नव्हतं, माझंही नाही. खरं उत्तर मला ठाऊक होतं. पण ते द्यायचं तर माझी एक चूक सांगावी लागली असती आणि ती पानावर बसून सांगायचं धाडस झालं नाही. आज सांगतो.

फौजेतून निवृत्त झालो आणि २०१४ साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रशासन सांभाळायला लागलो. कोणता कारखाना ते महत्त्वाचं नाही. कँटीन, बस, सुरक्षा, बाग, पाणी आणि कंत्राटी माणसं, हे सगळं माझ्याकडे. कायम कामगारांच्या गळ्यात निळी पट्टी, कंत्राटी माणसांच्या गळ्यात पिवळी. गेटावर लांबूनच कळायचं कोण कोणता.

पावसाचं पाणी उपसायच्या पंपावर एक कंत्राटी माणूस होता. नाव बदलून आपण त्याला मणी म्हणू. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं कमी. २०१५ च्या नोव्हेंबरात इथे पाऊस लागला, तेव्हाची गोष्ट. एका सकाळच्या मीटिंगला मणी दारात येऊन उभा राहिला. पंपाचा फ्लोट अडकतोय, म्हणजे पाणी चढलं तरी पंप आपोआप सुरू होत नाही, असं तो सांगत होता. माझ्यासमोर प्लँटचे पंधरा-वीस लोक बसलेले. बसेस अडकलेल्या, कँटीनचं सामान आलेलं नाही, वरून फोन चालू. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला मीटिंगला कोणी बोलावलं? तुझं काम पंप चालवायचं. मला इंजिनियरिंग शिकवू नकोस." दोन-तीन जण हसले. मणीने मान खाली घातली आणि गेला. मी ते अर्ध्या तासात विसरलोही.

१ डिसेंबर २०१५. त्या दिवशीचा पाऊस चेन्नई कधी विसरणार नाही. चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत पाणी सोडलं गेलं, शहरातल्या वस्त्या बुडाल्या, विमानतळ अनेक दिवस बंद राहिला. आमच्या आवारातही पाणी चढलं. फ्लोट अडकला, पंप सुरू झाला नाही आणि जनरेटरच्या खोलीत कमरेइतकं पाणी भरलं. कोणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा. पण नुकसान मोठं झालं. सगळा पट्टाच ठप्प होता म्हणून आमच्या ढिलाईकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, इतकंच.

पाणी ओसरल्यावर मी मणीला विचारलं, "फ्लोट अजून अडकतोय हे तुला ठाऊक होतं?"

"होतं सर."

"मग परत सांगितलं का नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग तमिळमध्ये जे म्हणाला त्याचा अर्थ एवढाच: "सर, माझं काँट्रॅक्ट डिसेंबरपर्यंतच आहे."

मंडळी, या एका वाक्यात आजचा अख्खा विषय आहे.

लोक समजतात, नोकरीची शाश्वती नसणं हा एक प्रश्न आणि साहेबाची उर्मट वागणूक हा दुसरा. पहिला पगाराचा, दुसरा स्वभावाचा. मीही तसंच समजत होतो. मणीने मला दाखवलं की हे दोन्ही एकमेकांना धरून चालतात. कायम माणसाचा अपमान झाला तर तो दुसऱ्या दिवशी भांडतो, युनियनकडे जातो, निदान तोंड फुगवून बसतो. तुम्हाला कळतं तरी. ज्याची नोकरी महिन्याच्या कराराला टांगलेली आहे, तो अपमान गिळतो. वर "हो सर" म्हणतो. तुम्हाला वाटतं, माणूस सुधारला. प्रत्यक्षात त्याने स्वतःशी ठरवलेलं असतं की सांगितलेलं काम करायचं, त्यापलीकडचं दिसलं तरी पाहायचं नाही. हात कामावर येतात. मन गेटाबाहेर राहतं.

हे नवीन नाही. आपल्या मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी हीच व्यवस्था होती. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. आज आत घेतील की नाही, हे जॉबरच्या मर्जीवर. जॉबर म्हणजे मुकादम. भरती तोच करणार, काढणार तोच, कामावर देखरेखही त्याचीच. त्याला दस्तुरी द्यावी लागे आणि त्याच्या शिव्याही खाव्या लागत. पोट आणि मान, दोन्हींच्या चाव्या एकाच माणसाच्या कनवटीला. अशा ठिकाणी कामगार कामावर प्रेम करायचा की मुकादमाला खूश ठेवायचा?

इकडे चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, पेरंबूरला बकिंगहॅम आणि कर्नाटिक या प्रसिद्ध कापड गिरण्या होत्या. २७ एप्रिल १९१८ रोजी तिथल्या कामगारांची 'मद्रास लेबर युनियन' स्थापन झाली. आधुनिक पद्धतीची भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतात. तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ होते. ॲनी बेझंट यांचे सहकारी. सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलु नायडू हे दोघे कामगारांची गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याकडे गेले. गाऱ्हाणी कसली होती? पगाराचं गाऱ्हाणं होतंच. पण त्याबरोबर दुपारची सुट्टी जेमतेम अर्ध्या तासाची, त्यात जेवणही धड होत नाही, आणि गोरे अधिकारी अपमान करतात, हात उगारतात, हेही होतं. म्हणजे आपल्या देशातल्या कामगार चळवळीच्या अगदी सुरुवातीला पैशाच्या शेजारी 'आम्हाला माणसासारखं वागवा' ही मागणी उभी आहे.

पुढे गिरणी चालवणाऱ्या बिन्नी कंपनीने वाडियांना मद्रास हायकोर्टात खेचलं. कामगारांना संपाला उद्युक्त करणं हाच तेव्हा गुन्ह्यासारखा प्रकार. त्यावरून देशभर चर्चा झाली. आपले नारायण मल्हार जोशी, ना. म. जोशी, यांनी १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण द्यावं असा ठराव मांडला आणि १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा आला. मरीना बीचवर फिरायला जातो तेव्हा देबीप्रसाद रॉय चौधरींचं 'श्रमविजय' शिल्प दिसतं. चार माणसं मिळून एक मोठा दगड हलवताहेत. प्रत्येकाचा जोर पूर्ण लागलाय. मी ते शिल्प पाहताना एकच विचार करतो: यातल्या एकाने जरी नुसता हात लावल्याचं सोंग केलं, तरी बघणाऱ्याला कळणार नाही. दगड मात्र हलणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, कर्नल साहेब, ही भावनेची गोष्ट झाली, आकडे काय सांगतात?

गॅलप ही संस्था दरवर्षी जगभर पाहणी करते. त्यांच्या २०२४ च्या आकड्यांप्रमाणे जगात शंभरातले २१ नोकरदारच मनापासून कामात गुंतलेले आहेत. ख्रिस्तीन पोरॅथ आणि ख्रिस्तीन पियर्सन या दोन अमेरिकन संशोधिकांनी १७ क्षेत्रांतल्या ८०० मॅनेजर आणि नोकरदारांना विचारलं, की तुमच्याशी उर्मटपणे वागलं गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत? २०१३ मध्ये ते छापून आलं. ४८ टक्के म्हणाले, आम्ही मुद्दाम कमी कष्ट घेतले. ३८ टक्के म्हणाले, कामाचा दर्जा मुद्दाम घसरू दिला. ८० टक्के लोकांचा वेळ त्या प्रसंगाच्या विचारात गेला. लक्षात घ्या, यांनी राजीनामे दिलेले नाहीत. हजेरीपटावर हे सगळे हजर आहेत.

त्याहून मला हलवून गेला तो इस्रायलमधला एक प्रयोग, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि नर्स, अशी २४ पथकं. त्यांच्यासमोर आजारी बाळाचा बनावट प्रसंग उभा केला. काही पथकांना बाहेरच्या एका तज्ज्ञाकडून थोडं तुच्छतेचं बोलणं ऐकवलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही, नुसती तुच्छता. त्या पथकांचं निदान आणि उपचार दोन्ही घसरले. कारण? त्यांनी एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी केलं. डॉक्टर गप्प झाले, मंडळी! शिकलेली, कायम नोकरीतली, जीव वाचवायचं व्रत घेतलेली माणसं एका तुच्छ वाक्याने गप्प होतात. मग माझ्या मणीने काय करावं?

विल्यम कान यांचा १९९० चा एक जुना अभ्यास आहे. माणूस कामात स्वतःला झोकून केव्हा देतो, याची त्यांनी तीन कारणं सांगितली. मी ती माझ्या भाषेत सांगतो. माणूस मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतो. यात जीव ओतण्यासारखं काही आहे का? जीव ओतला तर अंगलट येणार नाही ना? आणि ओतायला माझ्यात काही शिल्लक आहे का? उद्याची धास्ती तिसऱ्या प्रश्नावर घाव घालते. जो रात्री घरभाड्याचा हिशोब करत जागा राहतो, त्याच्यात सकाळी काय शिल्लक असणार? साहेबाची जीभ दुसऱ्या प्रश्नावर घाव घालते. दोन्ही एकदम झाले की पहिला प्रश्न विचारायचं कारणच उरत नाही.

काही जण म्हणतात, "साहेब, थोडी भीती पाहिजेच. काढून टाकतील अशी धास्ती असली की माणूस जास्त राबतो." राबतो, खरं आहे. पण कुठे राबतो? जिथे साहेबाला दिसतं तिथे. उशिरापर्यंत बसतो, मेल पाठवतो, मान डोलावतो. फ्लोट अडकल्याचं सांगत नाही. भीतीने हजेरी वाढते, खबर थांबते. आणि फौजेतल्या माणसाला विचारा, खबर थांबली की काय होतं.

आता अस्थिरतेबद्दल मला एक न्याय्य गोष्ट सांगायची आहे. ती दर वेळी मॅनेजरच्या हातात नसते. आमच्याच पट्ट्यात नोकियाचा कारखाना २००६ पासून चालू होता. हजारो तरुण माणसं, त्यात मुली खूप. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, पण कराच्या वादामुळे हा कारखाना त्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला उत्पादन थांबलं. तिथून सुटलेल्या मुली आमच्याकडे मुलाखतीला यायच्या. पगार नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "सर, ही कंपनी किती वर्षं राहील?" बावीस-तेवीस वर्षांच्या मुली! पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मरैमलै नगरच्या कारखान्यातून २०२२ च्या जुलैत शेवटची गाडी बाहेर पडली. असे निर्णय समुद्रापार होतात. लाइनवरच्या सुपरवायझरच्या हातात ते नसतात.

पण त्याची जीभ त्याच्या हातात असते. आणि जे ठाऊक आहे ते खरं सांगणंही त्याच्याच हातात असतं.

इथे मी भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. आर्मीत ओरडतात तरी जवान मन लावून काम का करतो?

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, कानउघाडणी आणि पाणउतारा. कानउघाडणी चुकीची होते, पाणउतारा माणसाचा होतो. १९८४ मध्ये मी इथेच, परंगीमलैच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये कॅडेट होतो. आमचे ड्रिलचे उस्ताद मैदानभर ऐकू जाईल असं ओरडायचे. पण सगळ्यांवर सारखं ओरडायचे, मंत्र्याच्या मुलावर आणि शिपायाच्या मुलावर. आणि पायाला फोड आलेत का, हे संध्याकाळी तेच वाकून पाहायचे. त्यामुळे तो आवाज आम्हाला लागला नाही. माझी पहिली पोस्टिंग झाली तेव्हा मी एका शिपायाला सगळ्या प्लॅटूनसमोर टाकून बोललो. रात्री आमचे सुभेदार साहेब तंबूत आले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. म्हणाले, "साब, डाँटना है तो अकेले में डाँटिए। आज आपने उसको नहीं, पूरी प्लॅटून को चुप कराया है।" तेविसाव्या वर्षी हे ऐकलं आणि पंचावन्नाव्या वर्षी विसरलो. कारण फौजेत मला अडवायला सुभेदार साहेब होते. कारखान्यात कोणी नव्हतं.

हा मुद्दा जरा थांबून पाहा. जेसीओ हा अधिकारी आणि जवान यांच्यामधला पूल असतो. सैनिक संमेलनात कमांडिंग ऑफिसर सगळ्यांसमोर विचारतात, कोणाला काही बोलायचंय का? खरं सांगायचं तर तिथे फारसं कोणी बोलत नाही. पण खरी गोष्ट संध्याकाळपर्यंत सुभेदार साहेबांमार्फत वर पोचते. कारखान्यात त्या जागी कोण असतो? ठेकेदाराचा सुपरवायझर. त्याचा फायदा खबर दाबण्यात असतो, कारण तक्रार वर गेली तर ठेका धोक्यात. आपण जेसीओची जागा मुकादमाला दिली आणि मग विचारतो, लोक मोकळे का बोलत नाहीत.

अस्थिरता आम्हालाही होती. माझं कमिशन पाच वर्षांचं होतं. पुढे कायम होईल की नाही, ठाऊक नव्हतं. चौथ्या वर्षी लग्न ठरत होतं, मुलीकडचे विचारत होते, "जावईबापूंची नोकरी पक्की ना?" माझ्या कमांडिंग ऑफिसरनी मला बोलावून पंधरा मिनिटं दिली. बोर्ड कधी बसणार, माझे रिपोर्ट कसे आहेत, त्यांनी काय शिफारस केली आहे, आणि ते कशाचं वचन देऊ शकत नाहीत. नोकरी तेवढीच कच्ची राहिली, पण मी त्या रात्री झोपलो. अस्थिरता सोसता येते, अंधार सोसवत नाही. आज अग्निपथ योजनेत मुलं चार वर्षांसाठी येतात आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. त्या धोरणावर मी इथे बोलत नाही. पण त्या मुलांवर जे तरुण अधिकारी आहेत त्यांना एवढंच सांगेन, की तुमच्या जिभेवर आणि खरेपणावर आता आमच्या काळापेक्षा जास्त भार आहे.

फौज म्हणजे सज्जनांचा मेळा, असं मी म्हणत नाही. तिथेही पाणउतारा करणारे मी पाहिलेत आणि त्यांच्या हाताखाली माणसं कशी मिटून जातात, तेही पाहिलंय.

मणीच्या प्रसंगानंतर मी काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही.

पहिलं, भाषा. माझं तमिळ कामापुरतं होतं. मी सगळ्यांना "वा" म्हणायचो, म्हणजे "ये". एका क्लार्क बाईंनी धीर करून सांगितलं, "सर, वांग म्हणा." वांग म्हणजे "या". दीड वर्ष मी पन्नाशीच्या माणसांना एकेरी हाक मारत होतो. आपल्या गावात कोणी आपल्या वडिलांना "ए, इकडे ये" म्हटलं तर काय वाटेल? एक अक्षर बदललं आणि माणसं माझ्याकडे बघून बोलू लागली.

दुसरं, वाईट बातमी आणणाऱ्याला पहिलं वाक्य कायम तेच: "बरं झालं सांगितलंत." बाकी सगळं नंतर. राग आला तरी हे वाक्य आधी. आणि दोन दिवसांत त्याचं काय झालं ते त्याला कळवायचं. नुसतं ऐकून सोडून दिलं तर तोही अपमानच.

तिसरं, कराराची तारीख. आधी कंत्राटी माणसाला शेवटच्या आठवड्यात कळायचं की पुढे ठेवणार की नाही. मी पंचेचाळीस दिवस आधी सांगायचा नियम करून घेतला. ठाऊक नसेल तर "अमुक तारखेला कळेल" एवढं तरी. ठेकेदार कुरकुरले, एचआर म्हणाले लोक आधीच सोडून जातील. काही गेले. जे राहिले, ते शेवटच्या दिवसापर्यंत काम करून गेले.

चौथं, खुर्ची. २०२१ मध्ये तमिळनाडूने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसायला आसन देणं बंधनकारक केलं. केरळने ते २०१८ मध्येच केलं होतं. टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर साडी घ्यायला गेलात तर आठवा, दाखवणारी मुलगी दिवसभर उभी असायची. बसायला स्टूल द्या, हे सांगायला विधानसभेला कायदा करावा लागला! ते वाचलं त्या दिवशी मी आमच्या गेटावर गेलो. पहारेकऱ्यांच्या दोन खुर्च्या मीच कधीतरी "झोपा काढतात" म्हणून उचलायला लावल्या होत्या. परत ठेवल्या. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायची तरतूद होती. पगाराची जबाबदारी कायदा लावू शकतो. वागणुकीची आपणच घ्यावी लागते.

आणि तुमच्यातले जे हाताखाली काम करतात, त्यांना? "सहन करा" असं मी सांगणार नाही आणि "उद्या राजीनामा द्या" असंही नाही. घर कोण चालवणार? एवढंच करा: कामाच्या धोक्याची गोष्ट असेल तर ती लेखी कळवा. एक मेल, एक मेसेज, रजिस्टरमध्ये एक ओळ, तारखेसह. तोंडी सांगून अपमान झाला तर गप्प बसावंसं वाटतं, ते मला समजतं. पण त्या गप्प बसण्याने उद्या तुमच्याच शेजारच्याचा हात मशीनमध्ये जाऊ शकतो. साहेबासाठी नाही, त्या शेजाऱ्यासाठी लिहा.

शेवटचं. मणीचं पुढे काय झालं?

डिसेंबर संपला. नूतनीकरणाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ठेकेदाराने पंपाच्या घोटाळ्याचं खापर त्याच्यावर फोडलं होतं. मला ठाऊक होतं, त्याने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. मी ठेकेदाराला बोलावून तसं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर वर प्रश्न आला असता, "मग तुम्ही काय केलंत?" माझाही करार दोन वर्षांचा होता, मंडळी. मीही गप्प बसलो. ज्या भीतीने मणीला गप्प केलं, तिनेच मला केलं. फरक एवढाच की माझ्या घरात पेन्शन येत होती आणि त्याच्या घरात येत नव्हती.

नंतर शोधलं. ठेकेदाराकडचा नंबर बंद होता. जे नियम मी वर सांगितले ते त्याच्यानंतर आलेल्यांच्या कामी आले, त्याच्या नाही.

उद्या सकाळी कामावर जाल तेव्हा तुमच्या दारात एखादा मणी येऊन उभा राहील. तुमची बस अडकलेली असेल, वरून फोन चालू असेल, समोर पंधरा लोक बसलेले असतील. त्याला आत बोलवा. खुर्ची द्या. आणि म्हणा, "बरं झालं सांगितलंत."

भेटू पुढच्या वेळी. जय हिंद.